नीलवर फोटोंसाठी ओहोटीची वेळ आधी बघा

अंदमानातल्या नील बेटावर (आता शहीद द्वीप) फोटो कुठे काढावेत असं विचारलं की सगळे लक्ष्मणपूर किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि भरतपूर किनाऱ्याचं निळंशार पाणी सुचवतात. दोन्ही छानच आहेत, पण माझं मत विचाराल तर पहिला नंबर नॅचरल ब्रिजचा. लक्ष्मणपूर २ च्या किनाऱ्यावरची ही खडकाची कमान. बेटावर बंगाली वस्ती मोठी, म्हणून हिला 'हावडा ब्रिज'ही म्हणतात.

तिथे फक्त ओहोटीलाच जायचं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे कालच्या पर्यटकाने सांगितलेली वेळ आज धरू नका, हॉटेलवाल्याला विचारा. कमानीचा फोटो सगळेच काढतात, पण खरी मजा पायाजवळच्या डबक्यांत आहे. काळ्या समुद्री काकड्या, इवलेसे खेकडे, पोवळ्यांत लपणारे मासे! लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर नक्की न्या, पाण्यावरची चकाकी जाऊन तळ स्वच्छ दिसतो. खडक शेवाळलेले आणि धारदार असतात, तेव्हा पट्ट्याचे सँडल हवेतच. आणि कृपा करून फोटोसाठी कुठलाही जीव उचलून हातात धरू नका, जिवंत पोवळ्यावर पाय देऊ नका.

सूर्योदयाला सीतापूरचा किनारा. अंदमानात उजाडतं फार लवकर, उन्हाळ्यात तर पाचच्या आसपासच, म्हणून रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. डिसेंबरात सूर्यास्तही पाचच्या सुमारास होतो, लक्ष्मणपूरला चारलाच पोहोचा.