पॉप-अप फ्लॅश: शटर बदललं तरी चेहरा तेवढाच उजळ का?

काळीपांढरी:
डीएसएलआर, मॅन्युअल मोड, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, कॅमेऱ्यातलाच फ्लॅश. शटर १/६० ठेवा नाहीतर १/२००, चेहरा तसाच येतो, मागची खोली मात्र काळवंडते. १/२०० च्या वर शटर जातच नाही. उलट ॲपर्चर प्रायॉरिटीत (ॲपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा) कॅमेरा थेट १/४ सेकंद घेतो आणि फोटो हलतो. माझं सेटिंग चुकतंय का?

भिंगवाला:
नाही, असंच व्हायला हवं. फ्लॅशचा झोत साधारण १/१००० सेकंदात किंवा त्याहून लवकर संपतो. शटर त्याहून बराच जास्त वेळ उघडं असतं, त्यामुळे चेहऱ्याला पूर्ण झोत मिळतोच. चेहऱ्याचा उजेड ठरतो ॲपर्चर, आयएसओ, अंतर आणि फ्लॅशच्या ताकदीवर. शटरने फक्त खोलीचा उजेड कमीजास्त होतो. १/२०० वरून १/५० वर आलात की मागचं दोन स्टॉप उजळेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).
१/२०० ही तुमच्या कॅमेऱ्याची सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सर्वात वेगवान शटर. त्यापुढे शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटायला लागतो, सेन्सरवरून नुसती फट सरकते. तेव्हा फ्लॅश उडाला तर फोटोत काळा पट्टा येईल, म्हणून कॅमेरा अडवतो.

पडदा_दुसरा:
ॲपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा खोलीच्या उजेडाप्रमाणे शटर निवडतो, फ्लॅश नुसता जोडीला. कॅननमध्ये फ्लॅशच्या मेनूत ‘१/२००-१/६० ऑटो’ निवडा. निकॉनवर स्लो सिंक (फ्लॅशबरोबर संथ शटर) बंद करा, मग शटर सहसा १/६० खाली जात नाही. स्लो शटर मुद्दाम हवंच असेल तर रिअर कर्टन (दुसरा पडदा मिटायच्या जरा आधी फ्लॅश) लावा, म्हणजे हलत्या माणसाची धूसर रेघ त्याच्या मागे पडते, पुढे नाही. आणि लेन्सचा हूड काढा, नाहीतर खाली अर्धगोल सावली येते.

काळीपांढरी:
धन्यवाद. मग भर उन्हात एफ/२.८ वर पोर्ट्रेट? एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला तर?

भिंगवाला:
आयएसओ १०० आणि १/२०० ला कडक उन्हात एफ/११ च्या आसपास जावं लागतं. एफ/२.८ साठी चार स्टॉपचा एनडी लागेल. पण तो फ्लॅशचा उजेडही चार स्टॉप खातो, त्यामुळे पोच वाढत नाही. गाइड नंबर, म्हणजे आयएसओ १०० ला फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, १२ धरा. त्याला एफच्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये पोच मिळते: एनडीमुळे हिशोब एफ/११ चाच, १२ भागिले ११, म्हणजे जेमतेम १.१ मीटर. सावल्या थोड्या उजळायच्या असतील तर दीड मीटरपर्यंत चालेल. एनडीशिवाय १/२००० वगैरे हवं असेल तर हाय-स्पीड सिंकवाला (सिंक स्पीडच्या पुढेही चालणारा) बाहेरचा फ्लॅश घ्या. अंगच्या फ्लॅशला ती सोय बहुतेक नसतेच. घरात मात्र तुमच्या एफ/४, आयएसओ ४०० ला हाच फ्लॅश ६ मीटर पोचतो: आयएसओ चौपट म्हणून गाइड नंबर दुप्पट, २४ भागिले ४.