चर्चा: फुटबॉल आधी की शाळा? (नैरोबी, मथारे)

नैरोबीकर: नोकरीनिमित्त इथे चौथं वर्ष आहे. मथारे म्हणजे नैरोबीतली मोठी झोपडपट्टी, पत्र्याची घरं एकाला एक चिकटलेली आणि मधून नदी, म्हणजे आता नालाच. गेल्या शनिवारी तिथे गेलो तर दहाबारा पोरं टीमच्या जर्सीत गटारातला काळा गाळ फावड्याने उपसत होती आणि एक जण हातगाडी ढकलत होता. विचारलं तर म्हणाला, उद्या मॅच आहे, सफाई नाही केली तर पॉइंट जातात. १९८७ मध्ये बॉब मन्रो नावाच्या कॅनेडियन माणसाने मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन काढली, तिचाच हा नियम, ठरलेली सफाई पूर्ण केली की लीगमध्ये ६ पॉइंट, मॅच जिंकल्यापेक्षा जास्त! यातूनच मथारे युनायटेड उभी राहिली आणि २००८ ला केनियाची लीग जिंकली. माझं ठाम मत आहे की गरीब पोरांसाठी याच्याइतकं चांगलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

निवृत्त_मास्तर: सहमत नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. पोराला आधी वर्ग हवा, शिक्षक हवा, संडास हवा, मग बॉल. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हा शाळांत पोरं मावेनात, पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत जाऊन बसले. हे सरकारने केलं, कुठल्या क्लबने नाही. आणि गटार साफ करणं नगरपालिकेचं काम आहे ना, ते लहान लेकरांकडून करून घ्यायचं आणि वर आपण कौतुक करायचं, मला हे पटत नाही.

नैरोबीकर: सर, मोफत म्हणजे फी माफ, पण युनिफॉर्म, वह्या कोण देणार? शिवाय वस्तीत सरकारी शाळा कमी, बरीच पोरं पत्र्याच्या खोल्यांत भरणाऱ्या खाजगी शाळांत जातात आणि तिथे फी लागतेच. या संस्थेत सफाई, कोचिंग, रेफरीगिरी याचे पण गुण मिळतात आणि त्यावर स्कॉलरशिप, पैसे थेट शाळेत जमा होतात. म्हणजे खेळातूनच शाळा सुटत नाही असं मी म्हणतोय.

अक्रा_रिटर्न: मथारे ठीक आहे हो, पण सगळा आफ्रिका मथारे नाही. मी घानात होतो. तिथे कोणीही उठतो, मैदान भाड्याने घेतो, अकॅडमी म्हणून बोर्ड लावतो आणि युरोपात ट्रायल देतो सांगून आईबापाकडून पैसे उकळतो, लोक त्यासाठी जमीन विकतात, मग तो पोरगा परक्या शहरात एकटा सोडून दिलेला. १८ वर्षांखालच्यांच्या परदेशी ट्रान्सफरवर फिफाची बंदी आहे, पण हे लोक टुरिस्ट व्हिसावर नेतात. कॅमेरूनचा माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बुमँ याने अशाच पोरांसाठी फूत सोलिदेर संस्था काढली. लाखात एक मोठा प्लेयर होतो, बाकीच्यांची शाळा गेली ती गेलीच. मी तरी बॉलवाल्यांना एक रुपया देणार नाही.

नागपूरची_कोच: दादा, भामट्यांमुळे खेळच बंद करायचा का? आमच्या नागपुरात विजय बारसे सरांचं स्लम सॉकर बघा, तिथे कोणी युरोपची स्वप्नं विकत नाही. आणि मुलींचं कोणीच बोललं नाही अजून! मथारेत मुलींची लीग १९९२ ला सुरू झाली. मी वस्तीतल्या मुलींना शिकवते म्हणून सांगते, मुलगी मैदानात येते ती कडेवर धाकटा भाऊ घेऊनच, त्याला रेषेबाहेर चपलांजवळ बसवते, मधेच तो रडला की ही बॉल सोडून पळते. पाणी भरायची वेळ झाली की घरून हाक येतेच. तिला तो एक तास मिळवून द्यायला आम्ही घरोघरी जाऊन आयांच्या पाया पडलोय. शाळेत ती मागच्या बाकावर गप्प असते, मैदानात ओरडून पास मागते. हे कुठल्या पुस्तकातून येणार होतं मास्तर?

निवृत्त_मास्तर: ताई, हे मान्य, माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली डोळ्यापुढे आल्या. पण गटाराचं मी सोडणार नाही. नैरोबीकर, खरं सांगा, त्या पोरांच्या हातात मोजे होते का?

नैरोबीकर: दोघांच्याच होते सर. बाकीचे उघड्या हातांनी काढत होते. शनिवारी परत जाणार आहे, तेव्हा विचारतो.