५० शब्द आणि हिरवी वांगी
लहान मुलांच्या पुस्तकात तेच तेच शब्द वाचून पोरं कंटाळतील असं काहीजण म्हणतात, मला उलटच वाटतं. ग्रीन एग्ज अँड हॅम (हिरवी अंडी आणि हॅम, १९६०) या इंग्रजी बालपुस्तकात अमेरिकन लेखक डॉ. स्यूसनी प्रकाशकाशी पैज लावून फक्त ५० वेगळे शब्द वापरलेत, त्यातला एनीव्हेअर सोडला तर सगळे एका झटक्यात म्हणता येणारे, म्हणूनच तर नुकतं वाचायला लागलेलं पोर अडत नाही. परवा जळगावला भाचीला वाचून दाखवलं तर थोड्याच वेळात यमक ओळखून तीच पुढचं म्हणायला लागली. हिरवी अंडी तिला विचित्र वगैरे काही वाटली नाहीत, आपल्याकडे भरीतही हिरव्या वांग्यांचंच की! फक्त हॅम म्हणजे डुकराचं मांस हे आजीसमोर सांगताना माझी पंचाईत झाली. बाकी पुस्तकातला ती अंडी नको नको म्हणणारा तो शेवटी खातो तरी, ही बया अजून भरीत तोंडात घेत नाही.