मदत हवी आहे: माडीवरचा लाकडी जिना, खिळे न मारता

संत्रेवाला:
नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. जिना सात वर्षांपूर्वीच नवा केला होता, आता तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की अख्खं घर जागं होते. जुन्या पद्धतीचा, खाचा-पाचरीचा सागवानी जिना करायचा आहे. दोन मिस्त्री येऊन गेले, दोघंही म्हणाले 'प्लाय लावून घ्या ना'. लाकूड किती जाड घ्यावं? दिवाळीआधी पाहिजे. लवकर सांगा.

रंधा:
उंची किती, खाली जागा किती?

संत्रेवाला:
नेहमीसारखीच. मी जाडी विचारून राहिलो.

वास्तुप्रेमी:
पायऱ्या विषम ठेवा. आणि जिना ईशान्येला नको.

रंधा:
भाऊ, जाडी सोपी आहे. बाजूच्या फळ्या २ इंच, पायऱ्या दीड इंच, रुंदी ३ फुटांच्या आत असेल तर. खाच अर्धा इंच खोल, मागच्या बाजूला थोडी रुंद होत जाणारी. पायरी आत सरकवायची आणि खालून पाचर ठोकायची. खिळा मारला की लाकूड मे महिन्यात आकसते, भोक सैल होते, मग तुमची तिसरी पायरी गाणं म्हणते.

लकडगंजवाला:
पाचरीला फेविकॉल लावाच. माझ्याकडचा २००९ चा जिना अजून टक्क आहे.

रंधा:
लावू नका. कोरडी पाचर सैल झाली तर खालून दोन ठोके मारता येतात.

लकडगंजवाला:
खालून जायला जागा असली तर ना!

संत्रेवाला:
खालून पीओपी केलंय.

रंधा:
हे आत्ता सांगता? मग जुन्याच जिन्याचं पीओपी काढून पाहा. काहून नवा करता?

संत्रेवाला:
काढून पाहिलं. बाजूची फळी खालून वाळवीनं पोखरली आहे. आणि पांढरं लाकूड निघालं.

गोंदियाकर:
म्हणजे सागाचा बाहेरचा भाग लावला. वाळवी तोच आधी खाते. गाभ्याचाच माल घ्या आणि सगळ्यात खालची पायरी दगडाची करा, लाकूड जमिनीला टेकू नये. शिवाय आता पावसाळ्यात कापलेला माल लगेच बसवू नका. मधे चिपा (लाकडाच्या पातळ पट्ट्या) ठेवून फळ्या घरातच रचून ठेवा. दिवाळी विसरा.

संत्रेवाला:
दिवाळी विसरता येत नाही, पाहुणे येणार आहेत.

हवेलीप्रेमी:
आमच्या मामांच्या वाड्यातला जिना इतका उभा होता की दोर धरून चढावं लागायचं. तशी मजा आता नाही.

रंधा:
संत्रेवाले, मोजलं का?

संत्रेवाला:
उंची १० फूट २ इंच. खाली सरळ ९ फूट.

रंधा:
हेच तर पाहायचं होतं. १२२ इंचांचे १७ चढ (एका पायरीपासून दुसरीपर्यंतची उंची) केले तर प्रत्येकी ७ इंचांहून थोडा जास्त, ठीक. पण शेवटचा चढ थेट माडीवर, म्हणून पायऱ्या १६; त्या १० इंच खोल म्हणजे १३ फुटांच्या वर. ९ फुटांत पायरी पावणेसात इंचांची होईल, अर्धं पाऊल बाहेर. घरात म्हातारी माणसं आहेत?

संत्रेवाला:
आई. गुडघे दुखतात.

रंधा:
मग सरळ जिना नकोच. मधे लँडिंग करून वळवा. उजवीकडे किती जागा आहे?

संत्रेवाला:
तिकडे देवघर आहे.

वास्तुप्रेमी:
मी आधीच म्हणालो होतो.