मदत हवी आहे: धाकट्या भावाकडे एकाग्रतेच्या गोळ्या सापडल्या

नमस्कार मंडळी. आम्ही औसा तालुक्यातले. धाकटा भाऊ लातूरला रूम करून नीटची तयारी करतोय, रिपीटर आहे. रविवारी आईनं दिलेला डबा घेऊन गेलो, तर आदल्या आठवड्यातल्या धपाट्यांना बुरशी आलेली. पोरगं निम्मं झालंय. हात थरथरत होते, दोन रात्री झोप नाही म्हणाला. उशीखाली मिथाइलफेनिडेटची अर्धी संपलेली पट्टी होती. रूममेटनं दिली, "यानं बारा तास बैठक होते" म्हणे.

मेडिकलवाल्या मित्राला विचारलं. हे औषध एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो तो विकार) असतं, शेड्यूल एक्समध्ये येतं, डॉक्टरांच्या दोन प्रतींतल्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाही. भूक मरते, झोप उडते, छातीत धडधड होते, सवयही लागू शकते. झोप झाली नाही तर वाचलेलं डोक्यात राहणार कसं, हे त्याला पटतच नाही. मागच्या वेळी थोडक्यात हुकलं, तेच मनात धरून बसलाय.

वडिलांना अजून सांगितलं नाही. सोयाबीन विकून फी भरलीय, ते रागाच्या भरात त्याला घरी आणतील.

लातूर किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार ओपीडीला कुणी गेलंय का? पोरांशी नीट बोलतात का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलल्याचा कुणाला अनुभव आहे? आणि ज्यांच्या घरी असं झालं, त्यांनी पहिलं बोलणं कसं काढलं, तेवढं सांगा. शनिवारी परत जातोय.