एमबीआर एसटीपीचं पाणी निम्म्यावर आलंय, मेंब्रेन बदलायचे का? लवकर सांगा

त्रस्त_सचिव:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. वाकडला सोसायटी, १६० फ्लॅट, सांडपाणी मेंब्रेनमधून गाळून फ्लशला देणारा १०० केएलडीचा (दिवसाला एक लाख लिटर) एमबीआर प्लांट बेसमेंटमध्ये. होळीपर्यंत व्यवस्थित चालला. आता कसंबसं ४५-५० केएलडी निघतं, बाकीचं मागे तुंबतं. परवा इक्वलायझेशन टँक (सांडपाणी आधी साठतं तो) ओसंडून पार्किंगमध्ये आला, लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर माझं श्राद्ध घातलं. एएमसीवाला (देखभालीचा कंत्राटदार) म्हणतो मेंब्रेन संपले, नवे घ्या, सोळा लाख. रविवारी सभा आहे. घ्यायचे की नाही एवढंच सांगा.

गाळउपसे:
एवढंच सांगायला आम्ही पोपट घेऊन बसलोय का? मेंब्रेनमधून पाणी ओढणाऱ्या परमिएट पंपाच्या सक्शनचा गेज काय दाखवतो? एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅम) किती? मेंब्रेन किती जुने? सीआयपी (मेंब्रेन जागेवरच रसायनाने धुणं) कधी केलं, कशाने?

त्रस्त_सचिव:
मेंब्रेन चार वर्षांचे. सीआयपी दर महिन्याला होतं. बाकीचं ऑपरेटरला विचारतो. पण पाणी कमी येतंय हे तर दिसतंय ना?

एसबीआर_झिंदाबाद:
मुळात एमबीआर घेतलात तिथेच गोम आहे. आमच्याकडे एसबीआर आहे, एकाच टाकीत आधी हवा मग गाळ बसवणं, ना मेंब्रेन ना कटकट. बिल्डरला चकाचक ब्रोशर दाखवायचं असतं, निस्तरायचं आपण.

गाळउपसे:
त्यांना जागा तुम्ही देणार का? साध्या प्लांटमध्ये एमएलएसएस ३-४ हजार ठेवतात, एमबीआरमध्ये ८ ते १२ हजार. शिवाय गाळ बसायला वेगळी टाकी लागत नाही, म्हणून तो बेसमेंटमध्ये मावतो. झालेलं लग्न मोडा असा सल्ला देऊ नका.

वऱ्हाडी_ठसका:
आमच्या नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड पाहा ना जी, झाडांनी सांडपाणी साफ करते. कर्दळीसारखी झाडं अन् गोटे, वीज जवळपास नाहीच. अन् पुनर्वापर म्हणाल तर भांडेवाडीच्या १३० एमएलडी (दिवसाला १३ कोटी लिटर) प्लांटचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. पुणेकरांनी आधी नदी पाहावी.

एसबीआर_झिंदाबाद:
बेसमेंटमध्ये कर्दळ? ऊन काय ट्यूबलाइटचं देणार?

सुमनताई:
आमच्या गावी सेप्टिक टँकमध्ये गूळ आणि शेण कालवून टाकतात. वास जातो. करून बघा, स्वस्तातलं आहे.

गाळउपसे:
ताई, कृपा करून नको. शेणातला काडीकचरा मेंब्रेनच्या शेवयांएवढ्या पोकळ तंतूंना गुंडाळून बसेल. फाईन स्क्रीन लावतात ती केस आणि धागे अडवायलाच. सचिव, तुमची स्क्रीन जागेवर आहे का?

त्रस्त_सचिव:
स्क्रीन आहे, २ मिमीची, रोज धुतात. गेज −०.४५ बार. जुन्या लॉगशीटवर −०.१२ दिसतंय. एमएलएसएस लॅबमधून ११ हजार. मेंब्रेनचे १२ मॉड्यूल, प्रत्येकी ३० चौरस मीटर. उद्या पाणी उपसून ऑपरेटर पोराला टाकीत उतरवतो आणि ब्रशने घासून घेतो.

माजी_कंत्राटी:
थांबा! कुणालाही टाकीत उतरवू नका. गाळाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाईड साचतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाक बधिर होतं आणि वास आला नाही म्हणून माणूस बिनधास्त उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. सेप्टिक टँक आणि गटारं हाताने साफ करून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, सोसायटीही त्यातून सुटत नाही. मॉड्यूल चेन-पुलीने वर ओढा आणि वर धुवा. ब्रश तर अजिबात नको, तंतू तुटले की गाळ थेट फ्लशमध्ये.

गाळउपसे:
+१. आता आकडे. एकूण ३६० चौरस मीटर. १०० केएलडी वीस तासांत काढायचं तर तासाला ५००० लिटर, म्हणजे चौरस मीटरला १४ लिटर. डिझाईन काही वाईट नाही. एमएलएसएसही ठीक. तरी सक्शन जवळपास चौपट, म्हणजे तंतूंवर काहीतरी बसलंय. बसलंय आणि संपलंय यात सोळा लाखांचा फरक आहे. सीआयपी कशाने करतात हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

सिंगापूरकर:
इथे तर २००३ पासून न्यूवॉटर चालू आहे. सांडपाणी आधी मेंब्रेन, मग आरओ, मग यूव्ही. तुम्ही अजून फ्लशवर अडकलात. शेवटी आरओ जोडा, पाणी पिता येईल.

एसबीआर_झिंदाबाद:
सभेत 'शेजाऱ्यांचं पाणी प्या' म्हणून ठराव मांडायचा? सचिवांना गाव सोडावं लागेल. धागा फ्लशचा आहे हो.

त्रस्त_सचिव:
सीआयपी हायपोने (सोडियम हायपोक्लोराईट). यंदा जास्त वेळा केलं, तरी फरक नाही. आरओ वगैरे नंतर बघू.

माजी_कंत्राटी:
फक्त हायपो? सायट्रिक अ‍ॅसिड कधीच नाही? आणि होळीनंतर पाण्याचा स्रोत बदलला का?

त्रस्त_सचिव:
तो एसटीपीचा विषय नाही ना? महापालिकेचं पाणी दिवसाआड झालं, तेव्हापासून बोअरचे टँकर. लोकांच्या नळाच्या जाळ्यांवर पांढरं चढतंय, त्याही तक्रारी माझ्याकडेच.

माजी_कंत्राटी:
हाच विषय आहे! बोअरचं पाणी जड, तेच सांडपाण्यात येतं. तंतू हलते ठेवायला खालून हवा सोडतात, तिच्याबरोबर कार्बन डायऑक्साईड उडतो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट मेंब्रेनवर बसतो. हायपो चिकट सेंद्रिय थर काढतं, क्षाराला हात लावत नाही. उलट स्वतः अल्कली असल्याने भर घालतं. एक मॉड्यूल वर काढून बघा.

त्रस्त_सचिव:
काढला. वरच्या टोकाला, जिथे तंतू एकत्र बांधलेत, तिथे बोटाला खरखर लागते. नखाने पापुद्रा काढला, पांढरा-करडा. पोराने चहाच्या टपरीवरून लिंबू आणलं, पिळलं तर बुडबुडे आले. एएमसीवाला शेजारीच उभा होता, म्हणाला "साबणाचा फेस असेल."

गाळउपसे:
साबण लिंबाने फसफसत नाही म्हणावं. सायट्रिक अ‍ॅसिडचं सीआयपी लेखी मागा. १ ते २ टक्के द्रावण, काही तास भिजवून. पीएच किती खाली न्यायचा ते मेंब्रेनच्या मॅन्युअलमध्ये असतं. आधी हायपोचा अंश पूर्ण धुवून काढा. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तुमचं आहे बेसमेंट. आधी एकाच मॉड्यूलवर करा.

सिंगापूरकर:
जडपणा होता तर आरओने गेलाच असता.

माजी_कंत्राटी:
आरओ मेंब्रेनच्या पुढे, क्षार बसलाय मेंब्रेनवर. शिवाय आरओवरही तो बसतोच, तिथे अँटीस्केलंट (क्षार बसू न देणारं रसायन) लागतं.

त्रस्त_सचिव:
सायट्रिकमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो एकटा जोडून चालवला, गेज −०.१८. एएमसीवाला म्हणतो बाकी अकरांचे जादा पैसे पडतील, करारात 'केमिकल क्लीनिंग' एवढंच लिहिलंय, कुठलं केमिकल ते नाही. सभेत सोळा लाखांचा विषय मागे घेतोय. टँकर चालू असेपर्यंत सायट्रिक किती दिवसांनी?

गाळउपसे:
दिवस मोजू नका. रोज गेज लिहा, −०.२५ च्या आसपास गेला की करा. आणि करारात रसायनाचं नाव घाला.

सुमनताई:
हे पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला चालेल का? आमचा पिवळा पडलाय.