तानपुरा लावला की लॅपटॉपमधून चट् चट् येते आणि कॉल जोडताच आवाज दबतो

पांढरीपाच (प्रश्न)
माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ असून त्यावर मी तानपुऱ्याचे ॲप लावून रियाज करते आणि व्हिडिओ कॉलच्या ॲपवरून बाईंकडे गाणे शिकते. गेल्या महिन्यापासून तानपुऱ्याच्या सलग आवाजात मध्येच ‘चट् चट्’ असे ऐकू येऊ लागले आहे. ही जवारी (तारेचा स्वाभाविक झंकार) नव्हे, कारण तारेशी किंवा आवर्तनाशी तिचा काही संबंध दिसत नाही, केव्हाही येते. शिवाय कॉल जोडला गेला की तानपुरा इतका बारीक होतो की सूर धरता येत नाही, आणि कॉल संपताच तो पूर्ववत होतो. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच दोन्ही स्पीकर बदलावे लागतील असे सांगितले आहे. खर्च करण्यापूर्वी घरी काय तपासून पाहावे?

सरळधोपट
हे दोन वेगळे दोष दिसतात आणि दुसरा तर दोषही नाही. कॉल सुरू झाल्याचे लक्षात आले की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी सोय विंडोजमध्ये मुळातच चालू ठेवलेली असते. बोलणे नीट ऐकू यावे हा तिचा हेतू असला तरी गाणाऱ्याची त्यात पंचाईत होते. कंट्रोल पॅनलमधील ‘साउंड’ उघडून ‘कम्युनिकेशन्स’ या टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा.

चट् चट् येते त्यासाठी आधी वायरचा हेडफोन लावून तोच तानपुरा ऐका. त्यातही ती आली, तर स्पीकरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ब्लूटूथ हेडफोनने मात्र ही परीक्षा करू नका. माईक चालू होताच तो संभाषणाच्या पद्धतीवर जातो आणि आवाज कोंदट होतो, त्यामुळे भलताच निष्कर्ष निघण्याची शक्यता असते.

पांढरीपाच
‘डू नथिंग’ निवडल्यावर तानपुरा दबणे थांबले, आभारी आहे. वायरच्या हेडफोनमध्येही चट् चट् येतेच. चार्जर काढून पाहिला, फरक पडला नाही.

खर्जातला
मग शोध ड्रायव्हरकडे, म्हणजे वाय-फाय, ध्वनी असा लॅपटॉपचा एकेक भाग विंडोजशी जोडून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळवावा. ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांनी) वाजत असेल, तर विंडोज साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी ४८० नमुन्यांचा घास तयार करून पुढे देते. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून अधिक वेळ अडवून धरला की पुढचा घास वेळेवर पोहोचत नाही आणि ती रिकामी जागा कानाला ‘चट्’ अशी लागते. चित्रपटातल्या गोंगाटात असे खंड लपतात, पण तानपुऱ्यात लपायला जागाच नसते.

तुमचे ॲप इंटरनेटशिवाय चालत असेल तर वाय-फाय बंद करून पाच-दहा मिनिटे ऐका. आवाज स्वच्छ झाला तर संशयित सापडला. खात्रीसाठी ‘लेटन्सीमॉन’ हे साधन तानपुरा वाजत असताना चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर सर्वाधिक वेळ घेतो हे ते नावानिशी दाखवते. वाय-फायचा ड्रायव्हर बदलायचा झाल्यास तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाय-फाय बंद करूनही फरक पडला नाही, तर साउंड सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या पानावरील ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. तेही निष्फळ ठरले, तर डिव्हाइस मॅनेजरमधून कंपनीच्या ऑडिओ ड्रायव्हरऐवजी ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडता येतो. मात्र कंपनीने छोट्या स्पीकरसाठी केलेली आवाजाची जुळणी त्यात जाते, म्हणून आवाज पातळ आणि काहीसा लहान वाटू शकतो.

पांढरीपाच
वाय-फाय बंद करताच आवाज स्वच्छ झाला. लेटन्सीमॉनमध्येही ‘एनडीआयएस.सिस’ ही नेटवर्कशी संबंधित फाइल सर्वांत वर होती. कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर घेतल्यावर आता वाय-फाय चालू असतानाही चट् चट् येत नाही. फक्त तबल्याचे ॲप मोठ्याने लावल्यास डग्ग्याच्या घुमाऱ्यावर डावीकडून फरफर येते, हेडफोनमध्ये येत नाही.

सरळधोपट
ही फरफर मात्र स्पीकरची किंवा त्याभोवतीच्या प्लास्टिकची आहे. ती येत असताना डाव्या जाळीजवळ बोटाने हलके दाबून पाहा. फरफर थांबली तर बहुधा एखादा स्क्रू किंवा पट्टी सैल झाली असेल. तशीच राहिली तर स्पीकरचा पडदा फाटला असण्याची शक्यता अधिक, आणि तेव्हाही बदलायचा तो डावाच. तोवर तबला हेडफोनवर ऐका.